बांधावरची उन्हाळी

उन्हाळीचं पान सरळ तुटत नाही. डाव्या चिमटीत देठाकडची बाजू धरायची, उजव्या चिमटीत टोक, आणि हलकेच ओढायचं. पान शिरांच्या तिरप्या रेषेनं फाटतं. हातात येणारा तुकडा मधोमध खाचलेला, दोन्ही अंगांना सारखा उतरता, बाणाच्या मागं लावलेल्या पिसासारखा दिसतो. शर म्हणजे बाण, पुंख म्हणजे त्याचं पीस. संस्कृतात या झुडपाला शरपुंखा म्हणतात ते यावरून. आमच्या औंढा तालुक्यात गुरांमागं जाणाऱ्या पोरांना हे नाव माहीत नसायचं, पण पान फाडायचा खेळ सगळ्यांनी खेळलेला. मी तो लग्नानंतर सासूबाईंकडून शिकले. त्यांचं बाकीचं म्हणणं मात्र मला पटायला सतरा वर्षं लागली.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच महिन्यात मी सून म्हणून या गावात आले. माहेर वसमतकडचं, काळी भारी जमीन, पूर्णेच्या कालव्याचं पाणी, हळद आणि ऊस. इथं डोंगराच्या उताराला पाच एकर बरड. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. माहेरी बांध म्हणजे आपली आणि शेजाऱ्याची हद्द, एवढंच मला ठाऊक. उताराच्या रानात बांध म्हणजे माती अडवणारी भिंत, हे मला कळायचं होतं.

पहिल्या पावसाळ्यात खुरपणी करत करत मी बांधाला लागले. मला स्वच्छतेची हौस. बांधावर दीड-दोन हात उंचीची, करड्या हिरव्या पानांची झुडपं माजलेली. जांभळट गुलाबी फुलं, मुगाच्या फुलाच्या घडणीची पण बारीक. एकेका दांडीवर समोरासमोर लहान लहान पानं आणि टोकाला एकटं एक. मी एक झुडूप धरून ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. देठाची साल हातात आली, मूळ तिथंच.

सासूबाई मागून आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. “काय करायलीस गं?”

“तण काढायले, आत्याबाई.”

“ते तण न्हाई. उन्हाळी हाय ती. ती काढल्यावर बांध कशानं धरायचा, तुझ्या पदरानं?”

मी खाली मान घालून पुढं सरकले. मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. गुरं त्या झुडपाला तोंड लावत नाहीत, भाजीला येत नाही, जळणाला म्हणावं तर काटकी बोटाएवढी. कशाला ठेवायचं?

त्या होत्या तोवर बांधाला हात लागला नाही. पुढं घर बदललं तसं रान बदललं. ज्वारी आणि मूग-उडीद कमी झाले, सोयाबीन आलं. बैलजोडी विकली. माझ्या मते इथंच सगळं फिरलं. बैल होते तेव्हा बांधाला धनी होता. बांधावरचं गवत ही वैरण होती, विळा घेऊन माणूस रोज बांधावर फिरायचा, कुठं घूस लागली, कुठं दगड सरकला, हे त्याच्या नजरेत असायचं. बैल गेल्यावर बांध म्हणजे फुकट अडलेली जागा झाली. ट्रॅक्टरवाला तासाच्या हिशेबानं येतो, तो फाळ बांधाला घासूनच नेतो. आम्ही आमच्या बाजूनं बांध कोरला, शेजारच्यांनी त्यांच्या बाजूनं. चार हात रुंदीचा बांध हातभर उरला. त्यावर पाठीवरचा पंप आला. पावसाळ्यात दोनदा ग्लायफोसेट मारलं की बांध तांबूस होऊन वाळायचा आणि आम्ही म्हणायचो, रान कसं आरशासारखं झालं! त्या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये निर्बंध घातले. आमच्या बांधावर त्याच्या कितीतरी आधीच मारायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. पंप माझ्याही पाठीवर होता. दुसऱ्या कुणाला बोल लावावा असं यात काही नाही.

२०१४ आणि २०१५ ही दुष्काळाची सालं मराठवाड्यात ज्यांनी काढली त्यांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी पाऊस मात्र भरून आला, आणि हंगामाच्या शेवटी असा कोसळला की एका रात्रीत आमच्या रानातला मधला बांध तीन ठिकाणी फुटला. सकाळी गेले तर सोयाबीनच्या ओळी मुळांसकट खालच्या नाल्यात. वरच्या पट्टीत मुरूम उघडा पडलेला, पांढरट, धुतल्यासारखा. वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या लागल्या असतील, आणि ती जायला एक रात्र पुरली.

फुटलेल्या बांधाच्या काठानं चालत गेले. कोपऱ्यातल्या बाभळीखाली पाच-सहा पावलांचा तुकडा जसाच्या तसा उभा होता. बाभळीचे काटे लागतात म्हणून तिथं पंप घेऊन कुणी जात नसे. त्या तुकड्यावर उन्हाळीची सात-आठ जुनी झुडपं होती. पाण्यानं एका अंगाची माती खरवडून नेली होती म्हणून मुळं उघडी दिसत होती. वर झुडूप दोन हात, खाली मूळ त्याहून लांब. अंगठ्याएवढं जाड, सरळ खाली मुरमात घुसलेलं, आणि त्याला आडवे फुटलेले तंतू मातीत जाळीसारखे विणलेले. माती त्या जाळीला लटकून राहिली होती. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. आत्याबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्या हिवाळ्यात मी उन्हाळी लावायची ठरवली. तण लावायला निघाली म्हणून घरात सगळे हसले. मला वाटलं होतं, आपोआप उगवणारी वनस्पती, तिला लावायला काय अक्कल लागते? खूप लागते, हे मी दोन वर्षं हरून शिकले.

पहिली चूक शेंगा तोडतानाच झाली. उन्हाळीची शेंग दीड इंचाची, चपटी, टोकाशी किंचित वर वळलेली. पौषात ती काळपट तपकिरी होते. मी भर दुपारी गेले. हात लागला की शेंगा तडकत होत्या. दोन्ही फाका पिळवटून वेगळ्या होतात आणि बी उडून जातं. ओंजळभर बी गोळा करायला चार दिवस गेले. आता आम्ही पहाटे दव असताना जातो. ओलसर शेंग तडकत नाही, मुकाट्यानं पिशवीत येते. मग अंगणात चादरीखाली घालून उन्हात ठेवायची. आत तडतड आवाज येत राहतो, आणि संध्याकाळी चादर उचलली की बी तळाला साचलेलं असतं.

पहिलं बी मी मृगात बांधावर मुठीनं फेकलं. महिनाभरात चार-दोन रोपं दिसली. वाटलं, पाखरांनी खाल्लं. पुढच्या वर्षी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लावलं. तिथंही तेच. माती उकरून पाहिली तर बी तसंच, कोरडं, चकचकीत, जणू कालच टाकलेलं. पंधरा दिवस रोज पाणी घालूनही त्याच्या आत थेंब शिरला नव्हता.

माझी लेक तेव्हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी पदवीला होती. सुट्टीत आली तेव्हा मी तिला ते बी दाखवलं. ती म्हणाली, “आई, याचं कवच कडक आहे. पाणी आत जाऊ देत नाही. याला ओरखडा पाडावा लागतो.” मग तिनं मिल्कव्हेच नावाच्या वनस्पतीबद्दल सांगितलं. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रॅगॅलस, जगात तिच्या सुमारे तीन हजार जाती, आपल्याकडे हिमालयाच्या थंड, कोरड्या भागात आढळणारी. चीन-जपानात तिची एक जात भाताच्या खाचरात हिरवळीच्या खतासाठी पेरतात. जपानात तिला रेंगे म्हणतात, आणि भात लावायच्या आधी अख्खं शिवार तिच्या फुलांनी गुलाबी होतं. रानटी मिल्कव्हेच वाढवणारे लोक तिचं बी पॉलिश पेपरवर घासून मग पेरतात. “दोघी शेंगवर्गातल्याच,” ती म्हणाली. “तिकडं तिला मान आहे. आपल्याकडं उन्हाळीला बांधावरूनही हाकलतात. तमिळनाडूत हिलाच कोळिंजी म्हणतात आणि भाताच्या रानात खतासाठी मुद्दाम पेरतात.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. आमचीच वनस्पती, आमच्याच देशात, कुणीतरी मुद्दाम पेरतं!

आम्ही दोघींनी ओसरीवर प्रयोग मांडला. गोणपाटाचे तीन ओले तुकडे, प्रत्येकावर मोजून शंभर बिया. पहिल्यावर तसंच बी. दुसऱ्यावर घराच्या बांधकामातून उरलेल्या पॉलिश पेपरवर घासलेलं. तिसऱ्यावर गरम पाण्यातलं: पातेलं उकळी आल्यावर उतरवलं, बोट क्षणभर टेकवता येईल पण ठेवता येणार नाही इतकं निवू दिलं, फडक्यात बांधलेलं बी दोन-तीन मिनिटं बुडवलं आणि रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं. सकाळी फडकं सोडलं तेव्हा मी जे पाहिलं ते विसरणार नाही. काही बिया जशाच्या तशा बारीक, चकचकीत होत्या. पण बऱ्याच बिया दुप्पट फुगल्या होत्या, चकाकी गेली होती, कवच मऊ पडून आतल्या फिकट डाळिंबीची कड दिसत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे मोड आले. साध्या बियांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मोड, घासलेल्यांना सगळ्यात जास्त, गरम पाण्यातल्यांना त्याच्या खालोखाल.

आता मी पॉलिश पेपरही वापरत नाही. पाट्यावर मूठभर जाड वाळू, त्यात तेवढंच बी, आणि हातानं दाबून चोळायचं, भाकरीचं पीठ मळतो त्या जोरानं. वरवंटा फिरवायचा नाही, बी फुटतं. तळहाताला वाळू टोचायला लागली की समजावं, बियालाही पुरेसं लागलं. चोळलेलं बी साठवू नये. त्याच आठवड्यात पेरावं.

दुसरा धडा पिशव्यांनी दिला. मोड आलेलं बी मी पिशव्यांत लावलं, रोपं बोटभर झाली, दिसायला गोजिरवाणी. श्रावणात बांधावर नेऊन लावली. दिवाळीपर्यंत बहुतेक मेली. एक उकरलं तर मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून तसंच राहिलेलं, मुरमाकडं वळलंच नव्हतं. या झाडाचा सगळा जीव त्या सरळ मुळात. ते मूळ पहिल्या दिवसापासून जिथं राहायचं तिथंच खाली जायला हवं. म्हणून उन्हाळीची रोपवाटिका करू नये, थेट टोकणी करावी. मृगाचा चांगला पाऊस होऊन बांध वीतभर ओला झाला की हातभर अंतरावर खुरप्यानं बोटाच्या पेराएवढी खोल रेघ, त्यात तीन-चार बिया, वर भुसभुशीत माती. खोल गेलं तर येत नाही.

त्या मातीत मी एक गोष्ट मिसळते. बाभळीखालच्या जुन्या झुडपांच्या बुडातली टोपलीभर माती आणून बियाबरोबर टाकते. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला खाता येईल अशा रूपात बांधून देतात, हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण वर्षानुवर्षं तणनाशक मारलेल्या बोडक्या मुरमात ते जिवाणू पुरेसे असतील याचा भरवसा मला वाटला नाही. जुन्या जागेची माती म्हणजे मी त्याला लावलेलं विरजण. दुसऱ्या पावसाळ्यात एक झुडूप कुदळीनं हळूच मोकळं करून पाहिलं. ओढून काढलं असतं तर गाठी मातीतच राहिल्या असत्या. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी होत्या. एक नखानं फोडली. आतून गुलाबी, ताज्या मांसासारखी. लेकीनं सांगितलं होतं की गाठ आतून लाल-गुलाबी असली तर ती कामाला लागलेली. आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जातीचंच एक द्रव्य तिथं प्राणवायूवर ताबा ठेवतं, म्हणून तो रंग. पांढरट किंवा हिरवट गाठ असली तर समजावं, काम सुरू नाही. माझ्या नखाला तो गुलाबी रंग लागला आणि पोळ्याच्या सणाला बैलाच्या पाठीवरून हात फिरवल्यावर वाटायचं तसं बरं वाटलं.

पहिल्या वर्षी झुडूप वर फारसं वाढत नाही. चार महिन्यांत वीतभर. लोक विचारायचे, “वैनी, कुठंय तुमची शेती?” झाड तेव्हा खाली वाढत असतं. या काळात एकच काळजी घ्यावी लागते: कुंदा आणि हरळी रोपाला झाकून टाकतात, म्हणून आर्द्रा संपताना आणि श्रावणात एकेक हलकी खुरपणी. खत नाही, पाणी नाही. दुसऱ्या वर्षापासून तेही नाही. वैशाखात सगळं शिवार करपलेलं असतं तेव्हा बांधावर तेवढीच हिरवी रेघ दिसते.

शेजारचे दाजी एकदा काळजीनं म्हणाले, “वैनी, ही आमच्या रानात पसरली तर?” प्रश्न बरोबर होता. बी उडतं, शेजारच्या पट्टीत पडतं, रोप येतंही. पण वखरापुढं ते टिकत नाही. बोटभर असताना दोन बोटांनी निघतं. मूळ खाली गेल्यावर मात्र कुणाच्या बापाला निघत नाही. म्हणून पिकातलं लहानपणीच काढावं आणि बांधावरचं राखावं.

पोळ्याच्या सुमारास फुलं येण्याआधी मी बांधावरची अर्धी झुडपं वरून विळ्यानं छाटते आणि तो पाला हळदीच्या सऱ्यांत पसरते. अर्धी बियासाठी सोडते. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून ज्या झुडपाला मी एकेकाळी नावं ठेवली, त्याच गुणामुळं ते मोकाट जनावरांच्या गावातही कुंपणाशिवाय वाढतं. त्यात काही विषारी द्रव्यं असतात. जुने लोक ते ठेचून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. ती विद्या मी कुणाला शिकवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. बांधावर उन्हाळी दिसायला लागल्यावर माणसं मुळं मागायला येऊ लागली. आयुर्वेदात शरपुंखेला प्लीहशत्रू असंही नाव आहे, प्लीहा आणि यकृताच्या विकारांत वैद्य तिचा वापर करतात. एका बाईनं नवऱ्याच्या काविळीसाठी मूळ मागितलं. मी दिलं नाही, गाडी करून दवाखान्यात न्यायला लावलं. झाड ओळखता येणं वेगळं आणि औषध देता येणं वेगळं. मूळ खणून नेलं की झाडही गेलं, बांधही उघडा पडला, हे दुसरं कारण.

आज आमच्या मधल्या बांधावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उन्हाळी आहे. खालून वर कोरत गेलेली घळ आम्ही दगडांनी भरली आणि दगडांच्या फटींत बी टोकलं. तिथली झुडपं सगळ्यांत दाट. त्यानंतर मोठे पाऊस झाले. पाणी बांधावरून वाहून गेलं, पण गढूळ कमी गेलं, आणि बांध फुटला नाही. वरच्या पट्टीत उघड्या पडलेल्या मुरमावर आता बोटभर माती साचली आहे. वीतभर व्हायला माझं आयुष्य पुरणार नाही.

आमच्या बचत गटातल्या बाया आता पौषात माझ्याबरोबर पहाटे शेंगा तोडायला येतात. बी आम्ही विकत नाही. एक मूठ नेली तर पुढच्या वर्षी दोन मुठी परत द्यायच्या, एवढीच अट. वाळूत चोळून दाखवल्याशिवाय मी बी हातात देत नाही, कारण तसंच फेकलेलं बी उगवत नाही आणि माणूस म्हणतो, उन्हाळी आमच्या रानात येत नाही.

तुम्ही हिंगोलीचे असा नाहीतर दुसऱ्या कुठल्या बरड रानाचे, यंदा बांधावर पंप चढवण्याआधी एकदा खाली वाका. करड्या हिरव्या पानांचं झुडूप दिसलं तर एक पान दोन्ही चिमटींत धरून ओढा. बाणाच्या पिसासारखं फाटलं तर तेवढं झुडूप सोडून पुढं जा.